पावसाळाभर बोटींच्या बॅटऱ्या सांभाळणारं दुकान : हर्णैच्या एका बोटवालीचा तीन पावसाळ्यांचा अनुभव

आमची बोट सहा सिलिंडरच्या इंजिनाची. सेल मारायला, म्हणजे इंजिन सुरू करायला, २४ व्होल्ट लागतात, म्हणून १२ व्होल्टच्या दीडशे एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीत किती साठा मावतो त्याचं माप) दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीपुढे एक, जोडलेल्या. नवी जोडी घ्यायची तर अठ्ठावीस-तीस हजार मोजावे लागतात. बोटीचा हिशोब सासऱ्यांनी माझ्याकडे दिला त्याला आता बारा वर्षं झाली. डिझेल, बर्फ, जाळ्याची दुरुस्ती, खलाशांची उचल, सगळं मी लिहिते. बाकीचे खर्च कशामुळे होतात ते मला समजायचं. पण ‘बॅटरी जोडी’ ही ओळ दर दोन वर्षांनी वहीत परत का येते, ते फार दिवस समजलं नव्हतं. आम्ही दोष खाऱ्या हवेला द्यायचो, कधी डायनामोला (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र), कधी कंपनीला.

आता समजलंय. बॅटरी दर्यावर मरत नाही. ती मरते घरात, जिन्याखाली, १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत. दापोली-हर्णै रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमधल्या माणसाने मला हे दाखवून दिलं. त्याच्या कामाबद्दल लिहायला हवं असं गेल्या वर्षापासून मनात होतं. दुकानाला नाव नाही. पत्र्यावर तेलरंगाने ‘बॅटरी चार्जिंग’ एवढंच रंगवलंय. बंदरावर कोणालाही विचारा, सांगतील.

मागचं थोडं सांगते, म्हणजे हे दुकान का महत्त्वाचं वाटतं ते लक्षात येईल.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा बंदी लागून दोनच दिवस झाले होते. बोटी आंजर्ल्याच्या खाडीत ओढलेल्या, बॅटऱ्या नुकत्याच काढून घरी आणलेल्या. वादळाने खांब, तारा, माडपोफळी, घरांची छपरं, सगळं आडवं केलं. आमच्या वाडीत वीज यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत बोटीच्या बॅटऱ्यांनीच वाडीला उजेड दिला. पडवीत बॅटऱ्या मांडून एकीवर दोन दिवे आणि दुसरीवर मोबाईल चार्ज करायची सोय केली होती. सकाळी रांग लागायची. मुंबईला असलेल्या मुलांना ‘आम्ही बरे आहोत’ हे कळवायला दुसरा मार्गच नव्हता, त्यात लॉकडाऊन. मला त्याचं आजही समाधान आहे. पण वीज आल्यावर छपरं शाकारायच्या धावपळीत रिकाम्या झालेल्या बॅटऱ्या तशाच कोपऱ्यात गेल्या. ऑगस्टमध्ये मीटर लावला तेव्हा एक साडेदहा व्होल्ट दाखवत होती, दुसरी अकराच्या खाली. दोन दिवस चार्जरवर ठेवल्या, गरम झाल्या, पण भरल्या नाहीत. कर्ज काढून नवी जोडी घेतली.

ती जोडी २०२२ च्या ऑगस्टमध्ये गेली आणि जाताना जिवाला घोर लावून गेली. बंदी उठल्यावरची पहिलीच फेरी. दाभोळच्या समोर अठरा वाव खोलीवर इंजिन बंद करून नांगरावर होते. पहाटे सेल मारला तर नुसता ‘टक’ असा आवाज आला. परत मारला, दिवे मंद झाले. तिसऱ्या वेळेला वायरलेसही गेला. बॅटरी बसते तेव्हा एकटं इंजिन बसत नाही. वायरलेस, जीपीएस, मास्टदिवा, सगळं एकदम जातं, आणि तेही ऑगस्टच्या समुद्रात. आमच्या ह्यांनी टॉर्चचे इशारे करून शेजारच्या बोटीला बोलावलं. त्यांनी टोचण देऊन बंदरापर्यंत ओढत आणलं. मी घरी होते, मला दुपारी समजलं. मग ज्या दुकानातून बॅटरी घेतली होती तिथे वॉरंटीसाठी गेलो. त्यांनी मशीन लावलं आणि सांगितलं, सल्फेट धरलाय, ठेवण्यात चूक आहे, वॉरंटीत बसत नाही. तेव्हा मला फार राग आला होता. आज वाटतं, त्यांनी कारण बरोबर सांगितलं होतं, फक्त ते विकतानाच सांगायला हवं होतं.

तिसरी जोडी घेतली आणि २०२३ च्या मे महिन्यात पहिल्यांदा ह्या शेडमध्ये गेले. सोबत जुन्या जोडीतली एक बॅटरीही भंगारात द्यायला नेली होती. दुकानदाराने ती उचलून बाजूला ठेवली, सहाही झाकणं उघडली आणि टॉर्च मारून मला आत बघायला लावलं. आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरट, खडीसारखा थर होता.

“वैनी, ही मेली नाय, उपाशी ठेवून मारलीय,” तो म्हणाला.

मग त्याने जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. बॅटरी वापरली की पट्ट्यांवर शिशाचा सल्फेट बसतो आणि आतलं ॲसिड पातळ होत जातं. लगेच चार्ज केली तर तो मऊ थर परत विरघळतो आणि ॲसिड पुन्हा घट्ट होतं. पण रिकामी किंवा अर्धी बॅटरी आठवडे नि महिने तशीच पडली, तर त्या थराचे मोठे, कडक खडे होतात. मग कितीही चार्ज करा, ते पूर्ण विरघळत नाहीत. आणि तुम्ही काहीही जोडलं नसलं तरी बॅटरी आपोआप उतरत असते. नवी असेल तर महिन्याला थोडी, जुनी असेल तर बरीच जास्त. उष्णतेने हे वाढतं, दहा अंश तापमान चढलं की उतरायचा वेग साधारण दुप्पट होतो. आमच्याकडे मे महिना संपताना बोटीवरून बॅटरी काढतात तेव्हा ती क्वचितच भरलेली असते, कारण शेवटच्या दिवसांत बोट जागेवर उभी आणि इंजिन फक्त इकडून तिकडे सरकवण्यापुरतं चालू. म्हणजे आधीच अर्धी, त्यात दोन महिने उपास.

आता दुकानात काय करतात ते.

बॅटरी आली की सगळ्यात आधी तिच्या अंगावर पांढऱ्या रंगाने बोटीचं नाव आणि ‘अ’ किंवा ‘ब’ लिहितात. जोडीतली कुठली कुठे होती हे महत्त्वाचं, त्याचं कारण पुढे सांगते. मग झाकणं घट्ट असल्याची खात्री करून वरचा भाग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतात. टर्मिनलवरचा हिरवा-पांढरा चुरा फसफसून निघून जातो. मी आधी हा चुरा दिसायला वाईट एवढंच समजत होते. पण मीठ आणि ॲसिडचा ओला थर वर साचला की प्लसकडून मायनसकडे बारीक करंट वाहत राहतो. त्याने मला मीटरची एक पिन मायनसवर आणि दुसरी नुसत्या प्लास्टिकच्या झाकणावर टेकवून दाखवली, काटा हलला. हे बघितल्यापासून बोटीवर दर पंधरा दिवसांनी बॅटरीचा माथा पुसलाच पाहिजे असा मी नियम केलाय, आणि खलाशी तो पाळतात.

मग हायड्रोमीटर. काचेची नळी, वर रबराचा फुगा, आत तरंगणारा काटा. एकेका सेलमधलं, म्हणजे बॅटरीतल्या सहा कप्प्यांपैकी एकेकातलं, ॲसिड ओढायचं आणि काटा किती वर तरंगतो ते वाचायचं. ॲसिड जितकं घट्ट, तितका आकडा मोठा. भरलेल्या सेलला बाराशे चाळीस ते बाराशे साठ. बाराशेच्या खाली गेला की अर्ध्याच्या आसपास. अकराशे पन्नासच्या खाली म्हणजे रिकामी. बारा सेल, बारा आकडे, आणि ते सगळे तो एका शाळेच्या वहीत लिहितो. व्होल्टसुद्धा लिहितो, पण तासभर तरी विसावल्यावरचे. शांत बसलेल्या बॅटरीला १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे धोक्यात. चार्जरवरून काढल्या काढल्या मीटर लावला तर तो फसवतो, साडेतेराही दाखवील. आमचे हे वर्षानुवर्षं तसंच बघत आले आणि ‘चांगली भरलीय’ म्हणून समाधान मानत आले.

ह्या वहीनेच आमच्या बोटीतली एक जुनी चूक पकडली.

पहिल्या वर्षी आमच्या ‘अ’ बॅटरीचे सहाही सेल अकराशे ऐंशीच्या आगेमागे निघाले. ‘ब’ चे सगळे बाराशे साठ, पण पाणी पट्ट्यांच्या कडेपर्यंत खाली गेलेलं. दोन्ही बॅटऱ्या एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच कंपनीच्या, एकाच पेटीत ठेवलेल्या. त्याने वहीतून डोकं वर न काढता विचारलं, “वायरलेस कुठनं घेतलाय?”

मला माहीत नव्हतं. ह्यांना फोन लावला. वायरलेस, जीपीएस आणि मासे शोधायचं फिश फाइंडर, तिन्ही १२ व्होल्टवर चालतात. बोट २४ ची. वायरिंग करणाऱ्याने सोप्पा मार्ग काढला होता : दोघींमधल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची वायर. म्हणजे रात्रंदिवस तिन्ही यंत्रांचं ओझं एकट्या ‘अ’ वर. आणि इंजिन सुरू झालं की डायनामो मात्र दोघींना मिळून २८ व्होल्ट देणार. तो बिचारा दोघींची बेरीज बघतो, एकेकीला काय मिळतंय ते बघत नाही. ‘अ’ भुकेली म्हणून तिच्यावर तेराच व्होल्ट चढतात, उरलेले पंधरा भरलेल्या ‘ब’ वर. एक उपाशी राहते, दुसरी उकळते. ‘अ’ ला सल्फेट, ‘ब’ चं पाणी आटतं, आणि दोन वर्षांत जोडीच्या जोडी भंगारात. २०२२ ला दाभोळसमोर जे झालं त्यात जिन्याखालच्या उपासाइतकाच ह्या वायरचाही हात होता.

उपाय स्वस्त निघाला. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवायचा, म्हणजे तिन्ही यंत्रांचं ओझं दोघींवर सारखं पडतं. मी त्याच आठवड्यात बसवून घेतला. त्या दुकानदाराला त्यातून एक पैसाही मिळाला नाही, कन्व्हर्टर तो विकत नाही. हर्णैतल्या किती बोटींवर अजून हीच वायर आहे याचा विचार करून मला काळजी वाटते. तुमच्या बोटीवर १२ व्होल्टचं सामान असेल तर वायर कुठून घेतलीय ते आज जाऊन बघा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

चार्जिंग तो सावकाश करतो. दीडशे एएचच्या बॅटरीला दहा, फार तर पंधरा अँपिअर, त्यापेक्षा जास्त नाही. रिकामी असेल तर वीस तास लागले तरी चालतील असं त्याचं म्हणणं. ‘दोन तासांत भरून दे’ म्हणणाऱ्याला तो परत पाठवतो, मी समोर बघितलंय. व्होल्ट १४.४ पर्यंत चढू देतो, मग करंट आपोआप कमी होत जातो. पाणी चार्जिंगच्या आधी टाकत नाही, पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या झाकतील एवढंच. ॲसिड चार्ज होताना फुगतं, आधी काठोकाठ भरलं तर उतू जातं. पूर्ण भरल्यावर मग खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर. नळाचं नाही, विहिरीचं नाही, पागोळ्यांखाली धरलेलं पावसाचं तर नाहीच. ॲसिडही वरून टाकायचं नाही, कारण आटतं ते पाणी.

हे पहिलं चार्जिंग झालं की बॅटरी फळीवर जाते आणि दर तीन आठवड्यांनी तिला परत भरलं जातं. वहीत तारीख आणि आकडे. मी जुलैच्या मध्यावर अचानक गेले होते, वही उघडून बघितली, आमच्या दोघींपुढे तीन तारखा होत्या.

फळीवरून आठवलं. आमच्या सासूबाई नेहमी म्हणायच्या, बॅटरी लादीवर ठेवू नका, जमीन करंट ओढते. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, आजी चुकीचं सांगत नव्हत्या, पूर्वीच्या बॅटऱ्यांच्या पेट्या लाकडाच्या आणि कडक रबराच्या असायच्या, त्यातून ओल झिरपून खरंच करंट जायचा. आताच्या प्लास्टिकच्या पेटीला लादी काही करत नाही. तरी तो फळीवरच ठेवतो, कारण पावसात शेडमध्ये पाणी शिरतं आणि पंचेचाळीस किलोचं ओझं जमिनीवरून रोज उचलून कंबर राहत नाही. मी घरी येऊन हे सासूबाईंना सांगितलं. त्यांना फार बरं वाटलं.

शेडबद्दल एक गोष्ट मला खटकली होती, तीही लिहिते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला तरी एका ठिणगीने भडका उडू शकतो. हलका असतो म्हणून छपराखाली जाऊन साठतो. पहिल्या वर्षी जोराच्या पावसात त्याने शेडची वाऱ्याची बाजू ताडपत्रीने पूर्ण बंद केली होती, आत पंधरावीस बॅटऱ्या चार्जिंगला आणि वासाने डोळे चुरचुरत होते. मी बाहेर येऊन स्पष्ट सांगितलं की दादा, हे बरोबर नाही, आत तुमचा पोरगा काम करतोय. तो काही बोलला नाही. पण पुढच्या वर्षी गेले तेव्हा दोन्ही भिंतींना वरच्या बाजूला जाळी लावलेली होती आणि ताडपत्री फक्त कमरेपर्यंत. बिडी-काडी आत चालत नाही, आणि क्लिप लावताना-काढताना चार्जर आधी बंद करायचा हा नियम तो पोराकडून कडक पाळून घेतो. ठिणगी तिथेच पडते.

वीज गेली तर काय, हा प्रश्न कोकणात पहिल्यांदा विचारायला हवा. पावसाळ्यात आमच्याकडे फांदी पडली, तार तुटली, खांब वाकला, की दोन दिवस गेलेच. त्याच्याकडे डिझेल जनरेटर आहे. तो रोज लावत नाही, लावायची गरजही नसते. भरलेली बॅटरी आठ-दहा दिवस विजेशिवाय राहिली तर काही बिघडत नाही. बिघडतं ते रिकामी राहिली तर. निसर्गच्या वेळी मला एवढं जरी माहीत असतं, तरी वीज आल्याच्या दिवशी छपराआधी बॅटऱ्या चार्जरला लावल्या असत्या.

घरी चार्जर आणून हेच करता येईल का? येईल, पण चार्जर नीट हवा. माझ्या धाकट्या दिरांनी एक स्वस्तातला आणला होता, भरल्यावर आपोआप कमी न होणारा. लावला आणि भावोजी लग्नाला गेले. चार दिवसांनी आले तेव्हा बॅटरीची पोटं फुगलेली, पाणी आटून पट्ट्या वर उघड्या. उघडा पडलेला भाग परत जिवंत होत नाही. भरल्यावर १३.५ च्या आसपास येऊन थांबणारा चांगला चार्जर असेल, हायड्रोमीटर असेल आणि खोली हवेशीर असेल, तर दुकानाची गरज नाही. आमच्या घरात लहान मुलं आहेत आणि ॲसिडच्या वासाची जागा नाही, म्हणून मी दुकान निवडलं.

खर्च : एका बॅटरीचे पूर्ण बंदीचे सहाशे रुपये, त्यात धुणं, चार्जिंग, डिस्टिल्ड वॉटर सगळं आलं. टेम्पोचे जाऊन-येऊन तीनशे वेगळे. जोडीचे मिळून दीड हजार. पहिल्या वर्षी मला हे पैसे जड वाटले होते. आज त्याच जोडीचा तिसरा पावसाळा झाला. गेल्या जुलैच्या शेवटी बारापैकी अकरा सेल बाराशे चाळीसच्या वर होते, एक बाराशे तीस. सेल मारताना दोन्ही बॅटऱ्यांवर मीटर लावून बघितला, एकही दहाच्या खाली गेली नाही. साडेनऊच्या खाली जायला लागली की नवीचा विचार करा, असं त्याने सांगून ठेवलंय.

आता तक्रारी.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तिथे चेंगराचेंगरी असते. सगळ्यांना १ ऑगस्टला निघायचं, सगळ्यांना ३० तारखेलाच बॅटरी हवी. तो आणि त्याचा मुलगा, दोनच माणसं. २०२४ मध्ये ह्या गर्दीत आमची ‘ब’ दुसऱ्याच बोटीवर गेली आणि त्यांची आमच्याकडे आली. पांढरा रंग पावसाने पुसट झाला होता. आमच्या ह्यांनी बॅटरीच्या कडेला कानशीने एक बारीक खाच केलेली आहे, ती हाताला लागली नाही म्हणून आमच्या लक्षात आलं. फोन केला, त्याने उचलला नाही. तो फोन कधीच उचलत नाही, ही दुसरी तक्रार. ह्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. रात्री अकराला तो मोटारसायकलच्या मागे बॅटरी बांधून भर पावसात आला, बदलून दिली, आणि चहासुद्धा न घेता गेला. चूक त्याचीच होती, पण त्याने ती अंगावर घेतली. आता तो रंगाऐवजी पत्र्याचा बिल्ला तारेने बांधतो.

पावती देत नाही. एखादा सेल त्याच्याकडे असताना गेला तर भरपाई नाही, हे तो आधीच तोंडी सांगतो. माझ्या मते जमा करतानाचे बारा आकडे त्याने चिठ्ठीवर लिहून सही करून द्यायला हवेत. मी स्वतः वहीचा फोटो काढून ठेवते, आणि त्याला त्याचं वाईट वाटत नाही. लिथियमच्या बॅटऱ्या तो घेत नाही. मुरुड-कर्दे भागातल्या डॉल्फिन दाखवणाऱ्या एका बोटवाल्याने आणल्या होत्या. त्याने सरळ सांगितलं की माझे चार्जर ह्यासाठी नाहीत, मी हात लावणार नाही. सीलबंद बॅटऱ्या घेतो, पण त्यांना पाणी घालता येत नाही म्हणून वेगळ्या फळीवर, कमी व्होल्टवर ठेवतो.

आणखी एक गोष्ट त्याच्याकडून शिकले, ती खाडीत बोट ठेवणाऱ्यांसाठी. दोन्ही बॅटऱ्या काढून आणल्या तर पावसाचं पाणी उपसायच्या पंपाला करंट कुठून? झाप-ताडपत्री कितीही बांधा, आषाढात बोटीत पाणी उतरतंच. पूर्वी आम्ही एक बॅटरी पंपासाठी ठेवायचो आणि ती हमखास मरायची. आता जुन्यातली त्यातल्या त्यात बरी एक बॅटरी आणि चाळीस वॉटचं सोलर पॅनेल, मधे बॅटरी जास्त भरू न देणारा कंट्रोलर, एवढं केबिनच्या छपरावर बांधून ठेवतो. ढगाळ दिवसातही थोडं थोडं भरत राहतं. पेटी मात्र बुडातल्या पाण्यापासून हातभर उंच हवी. खारं पाणी बॅटरीच्या आत गेलं तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद केबिनमध्ये तो जिवावर बेततो. तरुण खलाशांना हे कोणीतरी सांगायलाच हवं.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी : २५ मेच्या आत बॅटऱ्या द्या, म्हणजे पहिलं चार्जिंग घाई न होता होतं. बोटीवरून काढताना आधी मायनस सोडा, मग प्लस. जोडताना उलट. झाकणं घट्ट, बॅटरी उभीच, टेम्पोत दोन्ही बाजूंनी पोती लावून. उचलायला दोन माणसं लागतातच, दोरी बांधून. टर्मिनलवर काही ठेवू नका, आमच्या एका खलाशाने पान्हा ठेवला होता, तो चिकटून लाल झाला. स्वतःची एक खूण करा, पुसली जाणार नाही अशी. आणि घेऊन जाताना घाई न करता वहीतल्या आपल्या बोटीच्या पानावर जूनचे आणि जुलैचे आकडे शेजारी ठेवून बघा. दुपारी बारा ते तीन शेड बंद असते, संध्याकाळी तो लिलावाच्या वेळी बंदरावर सापडतो.